नऊ की बत्तीस

ज्या देशात घरात पिस्तूल सापडलं तर सरळ तुरुंग, त्या देशात राहून आमचे डॉक्टर आठ वर्षं पिस्तूल निवडत होते. खरं पिस्तूल त्यांनी आयुष्यात एकदाच हातात धरलं होतं, त्याबद्दल पुढे सांगते. पण विषय निघाला की असे बोलायचे, ऐकणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ उशाखाली दोन-दोन ठेवून झोपत असणार.

मी त्यांच्याकडे इंग्लंडात मेडनहेडला राहायला गेले ती तीन महिन्यांसाठी. पुण्याच्या कंपनीने मला स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगला पाठवलं होतं. दोन हजार दोन-तीनचा सुमार. डॉक्टर तिथल्या जवळच्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते, मूळचे नागपूरकडचे. मूलबाळ नाही, घर मोठं, मागची खोली रिकामी. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी पत्ता दिला म्हणून गेले, तर काकूंनी दारातच विचारलं, "बाकीचं नंतर बघू. तिखट झेपतं का?" मी पुण्याची, अभिमानाने "झेपतं" म्हणाले. पहिला आठवडा रडत जेवले आणि त्या घरात साडेचार वर्षं राहिले.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर टेप घेऊन आले. "उजवा हात बघू."

मला वाटलं, हात बघतात की काय हे. मी तळवा पुढे केला. त्यांनी मनगटापासून मधल्या बोटापर्यंत माप घेतलं, मूठ वळायला लावली, मुठीची रुंदी मोजली आणि गंभीरपणे म्हणाले, "तुझीही करंगळी बाहेर राहणार."

"कशाच्या बाहेर?"

"मुठीच्या. कॉम्पॅक्ट घेतलं की मूठ आखूड येते. करंगळीला जागा नाही, म्हणजे पकड नाही. पण लांब मूठ घेतली तर शर्टातून दिसते. हाच तर सगळा प्रॉब्लेम आहे."

मी काकूंकडे पाहिलं. काकू पोळ्या लाटत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "पिस्तुलाचं बोलून राहिले ते. तू जेव."

तर प्रकार असा होता. रिटायर झाल्यावर नागपूरला परत जायचं, हे दोघांचं ठरलेलं होतं. तिथे घर बांधून तयार होतं. आणि डॉक्टरांचं म्हणणं होतं, हिंदुस्थानात परत जायचं तर कमरेला पिस्तूल पाहिजे. का पाहिजे, हे विचारलं तर म्हणायचे, "दिवस वाईट आहेत." मी म्हणायचे, "काका, माझे आई-बाबा तिथेच राहतात. त्यांच्याकडे नुसती छत्री आहे." त्यावर ते माझ्याकडे असं बघायचे, की माझ्या आई-बाबांची मलाच काळजी वाटू लागे.

त्यांचे विचार पक्के होते. रिव्हॉल्व्हर नको, कारण ते जाड, पोटावर उंचवटा येतो. सेमी-ऑटोमॅटिक पाहिजे, चपटं. फार मोठं नको, कारण "मोठं असलं की माणूस घरी ठेवतो, आणि ज्या दिवशी लागतं त्या दिवशी ते घरीच असतं." फार छोटंही नको, कारण छोटं हातात उडी मारतं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. गाडी अडायची ती बोअरवर. म्हणजे गोळीच्या जाडीवर. नऊ मिलिमीटर घ्यावं की बत्तीस, म्हणजे इंचाच्या शंभरातले बत्तीस भाग, नऊहून जरा बारीक?

"बत्तीस म्हणजे पॅरासिटामॉल," डॉक्टर सांगायचे. "लागू पडलं तर पडलं. नऊ म्हणजे मॉर्फिन. पण नऊला धक्का जास्त. माझ्या वयाच्या मनगटाला दुसरी गोळी नेमकी बसेल का, हा प्रश्न आहे. बत्तीसला धक्का कमी, पण समोरचा थांबेल का, हा प्रश्न." मग म्हणायचे, "मी तीस वर्षं लोकांना आडवं केलं. पण प्रत्येकाला परत उठवलं. यात उठवायची सोय नाही, म्हणून विचार करून घ्यायला पाहिजे."

मी टेस्टर आहे हे कळल्यावर त्यांनी मला एक्सेल करायला बसवलं. उभे कॉलम: वजन, लांबी, जाडी, गोळ्या किती, धक्का किती. प्रत्येकाला मार्क. पिस्तुलं होती ऑस्ट्रियन, झेक, जर्मन, इटालियन आणि आपली सरकारी कारखान्यातली बत्तीस बोअरची. माहिती अमेरिकेतल्या मासिकांमधून यायची. टेक्सासला त्यांचा पुतण्या होता, तो गठ्ठा पाठवायचा. दोन रविवार खपून मी बेरीज केली तर झेक पहिलं आलं. मी खूश. डॉक्टरांनी स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "घामाचा कॉलम राहिला." घामाने गंज किती चढतो, त्याचा कॉलम. तो घातला तर ऑस्ट्रियन वर गेलं. तर म्हणे, सुटे भाग नागपुरात मिळतात का, त्याचाही घाल. माझ्या ऑफिसातल्या क्लायंटने माझा जितका जीव खाल्ला नाही, तितका त्या एक्सेलने खाल्ला. शेवटी चौतीस कॉलम झाले होते आणि पहिला नंबर दर महिन्याला बदलत होता.

थंडीतला प्रकार याहून भारी. नागपूरच्या उन्हाळ्यात माणूस पातळ बुशशर्ट घालणार, त्यातून पिस्तूल दिसेल की नाही, हे मेडनहेडला जानेवारीत कसं कळणार? म्हणून डॉक्टर रविवारी सकाळी हीटिंग पूर्ण चढवायचे. बाहेर बर्फ, आत मे महिना. खिडक्यांच्या काचांवरून पाण्याचे ओघळ. आणि हे पांढरा बुशशर्ट घालून, कमरेला चामडी म्यान लावून दिवाणखान्यात येरझारा घालायचे. म्यानात चष्म्याचं जुनं घर. त्या घरात मासे पकडायच्या दोरीला लावतात ती शिशाची वजनं, आणि ती खुळखुळू नयेत म्हणून मधल्या फटीत मैदा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बरोबर भरलेल्या पिस्तुलाइतकं. मला विचारायचे, "दिसतंय?" मी म्हणायचे, "काका, पोटच आधी दिसतंय." काकू एकीकडे गळ्यावरचा घाम पुसत म्हणायच्या, "माझा गुलाब मेला तिकडे कुंडीत. नागपूर करून राहिले घराचं."

हे घरात चाललं होतं तोवर ठीक होतं. पण माणसाला वजनाची सवय व्हायला पाहिजे, असं त्यांच्या मासिकात आलं, आणि ते ती म्यान लावून बाहेर जायला लागले. वर कोट असायचा, म्हणून कोणाला कळलं नाही. लंडनमध्ये ट्रेनमधले स्फोट झाले त्या वर्षी, हिवाळ्यात, मेडनहेडच्या प्लॅटफॉर्मवर वाकून बुटाची नाडी बांधताना त्यांचा कोट वर गेला आणि मागच्या बाईंना म्यान दिसली. आपला वर्ण, ते वर्ष, आणि कमरेला म्यान. दहा मिनिटांत प्लॅटफॉर्म रिकामा, आणि पोलिस दोन्ही बाजूंनी.

दुसरा कोणी असता तर "अहो, चष्म्याचं घर आहे" म्हणाला असता आणि त्यांनी उघडून बघितलं असतं. पण आपल्या माणसाला कोणी काही विचारलं की मुळापासून सांगायची खोड. डॉक्टरांनी हात वर करून, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की हे पिस्तूल नाही, पण पिस्तुलाच्या वजनाचं आहे, कारण पिस्तूल अजून ठरलेलं नाही. झालं, नेलं त्यांना. त्यात डबी उघडल्यावर आतून निघाली पांढरी पूड.

काकूंचा मला ऑफिसात फोन आला. आम्ही दोघी पोलिस स्टेशनला पोचलो तेव्हा डॉक्टर एका कागदावर नऊ आणि बत्तीसची आकृती काढून समोरच्या पोलिसाला फरक समजावत होते, आणि तो पोलिस अगदी मन लावून ऐकत होता. एक वयस्क सार्जंट बाई काकूंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमचे मिस्टर असं का करतात?"

काकूंना इंग्रजी उत्तम यायचं. पण त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "ही इज रिटायरिंग. सहा महिने राहिलेत."

सार्जंट बाईंनी मान हलवली. "माझ्या नवऱ्याने मधमाश्या पाळल्या," म्हणाल्या.

मैदा मैदाच निघाला. समज देऊन सोडलं. म्यान मात्र ठेवून घेतली, आणि ती ठेवून घेतल्याबद्दल काकूंनी त्यांचे आभार मानले.

घरी परतताना डॉक्टर पुढे चालत होते आणि आम्ही दोघी मागे. मी हसत होते, मला हसू आवरेना. काकू हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "आक्काने या रविवारी फोनवर मला आईच्या नावाने हाक मारली."

आक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच काकूंना वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही, शाळेत शिकवून काकूंना नर्सिंगला घातलं. आता नागपूरला एकटी, एक बाई सोबतीला. काकूंना परत जायचं होतं ते घरासाठी नाही, हवेसाठी नाही, आक्कासाठी. आणि आक्का हळूहळू विसरायला लागली होती. आधी शेजाऱ्यांची नावं, मग नातेवाइकांची.

"तिला मी आठवते आहे तोवर मला जायचंय गं," काकू म्हणाल्या. "यांना म्हटलं तर म्हणतात, पिस्तूल एकदा ठरू दे, लगेच तिकीट काढतो. सात वर्षं झाली ऐकून राहिले मी."

त्या दिवसापासून मला त्या एक्सेलचा राग यायला लागला. डॉक्टर रिटायर झाले. हॉस्पिटलने घड्याळ दिलं, केक कापला. त्यानंतर सहा महिने गेले तरी झेक की ऑस्ट्रियन, नऊ की बत्तीस, हे चालूच. मी दोनदा तोंडावर बोलले, "काका, काहीतरी एक घ्या ना, चिठ्ठ्या टाका." ते शांतपणे म्हणाले, "अगं, जिवाचा प्रश्न असतो." मी म्हणाले, "आक्कांच्याही." त्यावर ते उठून बागेत गेले.

त्या डिसेंबरात मी सुट्टीला पुण्याला गेले. माझे मामा वकील आहेत, त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचं बंदुकीचं लायसन्स. जेवताना मी डॉक्टरांची गोष्ट सांगितली, सगळे हसले. मामा मात्र घास हातात धरून म्हणाले, "नऊ एमएम? ते आपल्याकडे साध्या माणसाला मिळतच नाही. प्रोहिबिटेड बोअर आहे ते. पोलिस, मिलिटरी, बस्स. बाकीच्यांना बत्तीस, नाहीतर त्याहून लहान. आणि ब्रिटिश पासपोर्टवाल्याला तर तेही कोण देतंय? कलेक्टर विचारेल, तुमच्या जिवाला धोका कोणापासून? काय सांगणार ते?"

मी मनात टाळ्या वाजवल्या. मिटला प्रश्न. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी, दुपारच्या जेवणाला तिघं बसलो असताना मी अगदी रंगवून ते सांगितलं. नऊ मिळतच नाही काका, चॉइसच नाही, चौतीस कॉलम वाया.

डॉक्टर वरणात भात कालवत होते. "माहीत आहे," म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. घ्यायचं मनात आलं तेव्हाच कायदा वाचला मी."

काकूंनी आमटीची वाटी खाली ठेवली. मला वाटलं आता भांडण होणार आणि ते मी लावलं. पळून जावंसं वाटलं. पण उठताही येईना.

"मग आठ वर्षं काय करत होतात?" काकूंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायला लागले. काकूंकडे बघून बोलणं त्यांना जमत नव्हतं, एवढं मला कळलं. लग्नाच्या आधीची गोष्ट. विदर्भातल्या एका लहान गावचं हॉस्पिटल. सिझेरियनची बाई टेबलावर गेली. "माझी चूक नसावी. असेलही. आजच्यासारखे मॉनिटर असते तर कळलं असतं." सर्जन आधीच गाडीत बसून निघून गेले. बाहेर बाईच्या गावचे तीस-चाळीस लोक, हातात काठ्या. डॉक्टर मागच्या दाराने बाहेर पडले, भिंतीवरून उडी मारली आणि ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांत थेट एसटी स्टँड गाठला.

"आत एक नर्स होती," ते म्हणाले. "बावीस वर्षांची. तिने दार लावून धरलं. तिचा हात मोडला."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नसे. मी इतकी वर्षं तो संधिवात समजत होते.

"तीन महिन्यांनी आले माफी मागायला," काकू मला म्हणाल्या. "ती मागितलीच नाही. लग्नाचंच विचारलं. मीपण वेडी, हो म्हटलं."

"टेक्सासला गेलो होतो ना," डॉक्टर पुढे म्हणाले, "तिथे पुतण्याने रेंजवर नेलं. दोन गोळ्या झाडल्या. समोर नुसता कागद होता. तिसरीला माझे हात कापायला लागले. मी खाली ठेवून बाहेर आलो. माझ्या हाताने आयुष्यात कधी शीर चुकली नाही. तेव्हाच कळलं, नऊ असो की बत्तीस, परत तसं झालं तर मी पळणार. आणि ही परत दार धरून उभी राहणार."

"पळालात ते बरं केलं," काकू म्हणाल्या. "लोक तुम्हाला मारायला आले होते. तुम्ही थांबला असता तर मेला असता. मला धक्काबुक्कीत लागलं."

"मग तीस वर्षं हे बोलली का नाहीस?"

"तुम्ही विषय काढाल म्हणून वाट बघितली. तुम्ही मासिकं काढून बसलात."

मला दोघांचंही फार वाईट वाटलं. काकूंचं जास्त. त्यांनी ताटं उचलली, हात धुतले आणि पदराला पुसत म्हणाल्या, "तुम्हाला भीती वाटते ना, वाटू द्या. मी काही म्हणत नाही. पण मी आता जाते." डॉक्टर म्हणाले, "तू पुढे हो." त्याच आठवड्यात काकूंनी स्वतःचं एकटीचं तिकीट काढलं. हीथ्रोला आम्ही दोघं सोडायला गेलो. डॉक्टरांनी ट्रॉली सोडली नाही शेवटपर्यंत, सिक्युरिटीवाल्याने हातातून घेतली तेव्हा सोडली.

काकूंचा फोन आला तो चार दिवसांनी. मी आधी तेच विचारलं, "आक्कांनी ओळखलं?"

"ओळखलं," काकू म्हणाल्या. "नावाने हाक मारली. पण तिला वाटतं, मी नर्सिंग संपवून नुकतीच नोकरीला लागलेय. लग्न नाही, इंग्लंड नाही. मधलं काहीच नाही. रोज सकाळी डबा बांधून देते मला. दोन वर्षं आधी आले असते तर सगळं बोलता आलं असतं गं." मग म्हणाल्या, "असू दे. डबा छान असतो."

मी हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. मुद्दाम सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, आणि त्या दिवसापासून मासिकांचं पाकीट आलं तरी फोडलं नाही. दोन महिने आम्ही दोघांनी खिचडीवर काढले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी घर एजंटाच्या ताब्यात दिलं, मला केंब्रिजला नोकरी लागली होतीच, आणि एका सकाळी ते एक बॅग घेऊन निघाले. कमरेला फक्त पट्टा होता. टॅक्सीत बसताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मी तो बघितला नाही असं दाखवलं.

मेच्या सुमारास मी नागपूरला फोन केला. डॉक्टरांनीच उचलला. उकाड्याची तक्रार झाली, आंब्यांची झाली. मग मी विचारलं, "आक्का कशा आहेत? तुम्हाला ओळखतात?"

"नाही," ते म्हणाले. "मला त्यांनी लग्नानंतर पाहिलेलं, ते सगळं गेलं त्यांचं. पहिल्या दिवशी हिला विचारलं, हे कोण? ही म्हणाली, आमच्या हॉस्पिटलातले डॉक्टर आहेत. तेव्हापासून मी हॉस्पिटलातला डॉक्टर."

"मग?"

"मग काय. रोज सकाळी हिचा डबा बांधून झाला की माझ्याजवळ येतात. हळूच सांगतात, हिला ऐकू जाऊ नये म्हणून. डॉक्टर, आमची मुलगी लहान आहे, तिथे एकटी असते. तिला एकटं टाकून जाऊ नका."

"तुम्ही काय म्हणता त्यांना?" मी विचारलं.

"मी म्हणतो, नाही जाणार," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी विसरतात. परत येतात, परत तेच सांगतात. मी परत म्हणतो."